वाकळ शिवायची आहे, पण सवड नाही? मग असं करा

आपल्या हातून काहीतरी देखणं व्हावं असं एकदा मनात आलं की ते सहसा जात नाही. भांडी घासताना, एसटीच्या खिडकीशी, रात्री दिवा मालवल्यावर ते पुन्हा डोकं वर काढतं. मग आपणच त्याला गप्प करतो. पोरं मोठी होऊ देत, बदली होऊ दे, सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघतं तोवर हरभऱ्याची पेरणी आलेली असते.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे पहाटे चारला उठा. परभणी-जिंतूर किंवा लातूर-औसा असं रोज अपडाऊन करणाऱ्या आणि नळ येईल तेव्हा उठणाऱ्या बाईला हा सल्ला देणाऱ्यानं आधी तिचा डबा करून द्यावा, मग बोलावं.

वेळ कमी पडतो हे खरंच आहे. पण माझ्या मते त्याहून जास्त नडते ती मांडामांड. सामान काढायला दहा मिनिटं, मागच्या वेळी कुठवर आलो होतो ते आठवायला पाच, आवरून ठेवायला पुन्हा दहा. हातात वीस मिनिटं असतील तर कामाला काय उरलं? म्हणून पुढची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे. काम असं निवडायचं आणि असं तयार ठेवायचं की बसल्या मिनिटाला पहिला टाका पडावा, आणि घरातून हाक आली की त्याच टाक्यावर सोडून उठता यावं.

त्यासाठी मी वाकळ घेते. गोधडी म्हणा हवं तर.

वाकळच का

रांगोळी देखणी होते, पण तिला सलग बैठक लागते आणि दुसऱ्या दिवशी ती झाडून काढायची असते. हार्मोनियम काढावी तर शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास चाललेला असतो. बारीक भरतकामात घरं मोजावी लागतात, कुणी मध्येच "जिऱ्याचा डबा कुठंय?" विचारलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पैठणीचा माग तर घरात आणून ठेवता येत नाही.

वाकळीचं तसं नाही. तिला लागतो धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेला साधा सरळ टाका, तो शाळेत प्रत्येकीनं घातलेला असतो. कापड घरातलंच जुनं. टाका थोडा वाकडा गेला तर पुढच्या ओळीत मिसळून जातो. हात गुंतलेले असले तरी कान आणि तोंड मोकळं राहतं. पाढे म्हणून घेता येतात, जावेशी बोलता येतं, आकाशवाणी ऐकता येते. कामाच्या आतच दुसरं काम बसवायची ही रीत आपल्या मराठवाड्याला नवी नाही. गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता अभंग रचत होती. तिचे हात जात्याला बांधलेले होते, पण जीभ मोकळी होती. आपल्याला कोणतं काम झेपेल हे ठरवताना हाच हिशेब मांडा: दिवसभरात आपलं काय बांधलेलं असतं आणि काय मोकळं राहतं?

तुमचा जीव वाकळीत नसून कवितेत किंवा कुंड्यांत असेल तर कापडाचा भाग सोडून द्या. वेळेचा भाग आणि अर्ध्यात कंटाळा येतो त्याचा भाग तुमच्याही उपयोगाचा आहे.

आधी आकार आणि वेळेचा हिशेब

पहिलीच वाकळ डबल बेडची काढू नका. उत्साहात सगळे तेच करतात, आणि मग ती अर्धी होऊन दिवाणात जाते. सुरुवात बाळाच्या गोधडीनं करा: 30 इंच रुंद, 36 इंच लांब. घरात बाळ नसलं तरी नात्यात कुठंतरी बारसं असतंच.

गणित सोपं आहे. धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून एक इंचावर घातल्या तर या आकारात एकूण साधारण 90 फूट ओळ भरते. अर्ध्या इंचावर घातल्या तर 180 फूट. नवख्या हाताला एक फूट शिवायला साडेतीन-चार मिनिटं धरा. म्हणजे इंचाच्या अंतरानं साडेपाच-सहा तास, अर्ध्या इंचानं अकरा-बारा. रोज वीस मिनिटं आणि आठवड्यातले पाच दिवस धरले तर इंचावरचं काम तीन-साडेतीन आठवड्यांत उरकतं, अर्ध्या इंचाचं सात आठवड्यांत. एका माणसाच्या पांघरुणाला, म्हणजे 4 फूट बाय 6 फुटाला, इंचाच्या अंतरानंच सतरा ते वीस तास जातात. हे आकडे आधी कागदावर मांडा. काम कधी संपणार ते ठाऊक असलं की रोजचे वीस मिनिटं क्षुल्लक वाटत नाहीत.

पहिल्या वाकळीला इंचाचंच अंतर ठेवा. दाट टाक्यांचा सोस दुसरीपासून.

वर्षात कधी, दिवसात कधी

जुन्या बाया वाकळी उन्हाळ्यात शिवत. होळीपासून मृगापर्यंत शेत मोकळं असायचं, दुपारी बाहेर पडवत नसे, मग ओसरीत नाहीतर लिंबाच्या सावलीत वाकळ पसरून चौघी चार बाजूंनी बसत. ते ठीक होतं, कारण वाकळ भुईवर असायची. तुम्ही एकट्या मांडीवर घेऊन शिवणार असाल तर 42 डिग्रीत ती शिक्षा आहे. मांडीवरचं मोठं काम दिवाळीनंतर काढा. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं पारा एक आकड्यावर उतरतो, तेव्हा शिवता शिवता पायही झाकले जातात. उन्हाळ्यात तुकडे जोडायचं किंवा बाळाच्या मापाचं काम ठेवा.

शेतीवाल्यांनी पेरणीचे आणि काढणीचे आठवडे, नोकरीवाल्यांनी परीक्षा आणि मार्चअखेर, हे सरळ सोडून द्यावेत. त्या दिवसांत सुई हातात घेतली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जेवढी शिवली तेवढी वाकळ कुठं जात नाही.

दिवसातला तास शोधत बसू नका, तो सापडणार नाही. वीस मिनिटांची अशी एक जागा शोधा जी रोज येतेच आणि जिथं तुम्ही एरवीही बसलेल्याच असता. बहुतेक घरांत ती रात्रीच्या जेवणानंतर असते, टीव्हीसमोर किंवा पोरांच्या अभ्यासाजवळ. स्वयंपाकघरात सुई नेऊ नका. कणकेत सुई सापडली तर तुमच्या हौसेला घरात कायमची बंदी येईल.

बसमध्ये शिवता येतं का, असं अपडाऊनवाल्या विचारतात. आपल्याकडचे रस्ते पाहता स्टँडवर गाडीची वाट पाहताना शिवा. त्यासाठी पूर्ण वाकळ नेऊ नका. एका पाकिटात वरच्या थरासाठी कापलेले कापडाचे दोन-दोन चौकोन टाचणी लावून ठेवा आणि तेवढेच जोडा.

कापड

घरातलं सगळं जुनं कापड जमिनीवर काढा आणि तीन ढीग करा. पहिला सुती साड्या, लुगडी, धोतरं, सदरे. दुसरा टेरिकॉट, पॉलिस्टर, जॉर्जेट. तिसरा संशयाचा. दुसरा ढीग सरळ बाजूला ठेवा. गुळगुळीत कापडावर सुती थर सरकतात आणि पांघरलं की घाम येतो. संशयाच्या कापडाचा एक दोरा उपसून जाळून पाहा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर आक्रसून त्याची टणक गोळी होते.

सुती कापडाचीही परीक्षा घ्या. ते उजेडापुढं धरा. विरलेली जागा लगेच दिसते. दोन्ही हातांनी थोडं ताणा. चर्र आवाज आला की ते वरच्या थराला चालणार नाही, आत घाला. विरलेलं कापड आतल्या थराला उत्तम असतं, कारण ते मऊ असतं आणि सुई अलगद जाते. नव्या कापडाची वाकळ पहिली दोन वर्षं पुठ्ठ्यासारखी लागते, म्हणून दुकानातून मीटरनं कापड आणून सुरुवात करू नका.

रंग सुटतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. लाल, मरून, गडद निळं आणि काळं कापड ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासा. रुमाल रंगला तर ते कापड बाद. आतल्या थरातही नको, धुतल्यावर रंग वर येतो. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सांगतात. माझा त्यावर भरवसा नाही. चोळीच्या जुन्या खणाचे तुकडे कोपऱ्यांना फार शोभतात, पण तेही आधी याच परीक्षेतून जाऊ द्या.

एक साडी म्हणजे किती कापड, हे डोक्यात ठेवा. पाचवारीची लांबी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट, आणि पन्हा पावणेचार-चार फुटांचा. 6 फुटांवर घडी घातली की एका साडीत एका माणसाच्या पांघरुणाचे तीन थर होतात, जोड नाही की दंड घालायला नको. दोन साड्यांत पाच-सहा थर. आपल्याकडच्या थंडीला पाच थर पुरेसे आहेत. सातांच्या वर गेलात तर सुई अडते आणि बोटं सोलून निघतात. बाळाच्या गोधडीला चार थर बास: खाली एक, आत दोन, वर तुकड्यांचा एक. खालचा आणि आतले मिळून एका साडीत बसतात आणि साडी उरतेही.

आईच्या किंवा आजीच्या लुगड्याला कात्री लावायला हात धजत नाही, असं पुष्कळजणी म्हणतात. मग लावू नका. इरकली लुगडं असेल तर ते अख्खंच वरच्या थराला घाला, काठ काठाच्या जागी येऊ द्या, आणि ओळी काठाला समांतर घाला. अशी वाकळ तुकड्यांच्या वाकळीहून कमी देखणी होत नाही. कात्री इतर कापडांवर चालवा.

रंगांची मांडणी

इथं घाई करू नका. शिवणं हे हाताचं काम आहे, मांडणी नजरेचं, आणि नजर थकलेली असेल तर रंग जमत नाहीत. रविवारी सकाळी उजेडात बसा.

बाळाच्या गोधडीला 7 इंचाचे चौकोन कापा. चारही बाजूंनी अर्धा इंच शिलाईत गेला की 6 इंचाचे उरतात. आडवे पाच, उभे सहा, असे तीस चौकोन लागतात. दोन-चार जास्त कापून ठेवा.

मांडणीची प्रेरणा शोधायला मोबाइलवर विदेशी डिझाइनं पाहत बसायची गरज नाही. अजिंठ्याला गेलात तर पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात भिंतींवरची चित्रं पाहून झाल्यावर मान वर करा. छत चौकटींमध्ये विभागलेलं आहे आणि प्रत्येक चौकटीत फुलं, वेली, फळं, प्राणी असं काही ना काही रंगवलेलं आहे. चौकटी वेगवेगळ्या असूनही छत एकसंध दिसतं, कारण त्यात रंग मोजकेच आहेत आणि तेच फिरून फिरून येतात: गेरूचा लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा, मध्येच निळा. वाकळीला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. कापडं दहा घ्या, पण रंग चार-पाचच्या वर जाऊ देऊ नका. पैठणीकडंही याच नजरेनं पाहा. अंग शांत असतं, सगळा थाट काठात आणि पदरात. वाकळीतही मधला भाग फिका आणि कडेची रांग गडद ठेवली की नवख्या हाताचं कामसुद्धा नेटकं दिसतं. तांड्यावरच्या बंजारा बायांचं भरतकाम याच्या अगदी उलट. तिथं रिकामी जागाच नसते, काचा आणि कवड्यांनी कापड भरून टाकलेलं असतं. तेही सुंदर, पण ते हातात मुरायला वर्षं लागतात, आणि काचा-कवड्या पांघरुणाला टोचतात.

चौकोन जमिनीवर मांडा आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंग गेले की फिकं आणि गडद कुठं आहे ते उघडं पडतं. एका कोपऱ्यात सगळं गडद साचलं असेल तर लगेच कळतं. दोन-तीन चौकोन हलवा, पुन्हा फोटो. मनासारखं झालं की शेवटचा फोटो जपून ठेवा. मध्येच पोरानं चौकोन उधळले तरी चिंता नाही. मग प्रत्येक आडव्या रांगेचे चौकोन क्रमानं एकावर एक रचून टाचणी लावा, वर रांगेचा आकडा लिहिलेला कागद. झाले सहा गठ्ठे. यापुढं डोकं लावायचं काम संपलं, उरलं ते जोडणं.

जोडायला शिलाई मशीन वापरलं तर कुणी रागावणार नाही. वेळ वाचतो आणि जोड पक्का होतो. मात्र थरांवरचा धावदोरा हातानंच घाला. घरच्या मशीनवर चार थर सरकतात, आणि वाकळीची ती बारीक चुण्यांची लाट येत नाही.

थर मांडायचा दिवस

सगळ्या कामात हा एकच टप्पा असा आहे जो तुकड्या-तुकड्यानं होत नाही. बाळाच्या मापाला तासभर, मोठ्या वाकळीला अर्धा दिवस सलग काढावा लागतो. सुट्टीचा दिवस घ्या आणि कुणाला तरी सोबतीला बोलवा. जाऊ, शेजारीण, नवरा, जो हाताशी असेल तो.

फरशी पुसून कोरडी करा. पंखा बंद. खालचं कापड उलट्या बाजूनं वर करून पसरा. ते चारही बाजूंनी 2 इंच जास्त ठेवायचं, म्हणजे 34 बाय 40 इंच. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्यानं भरलेले तांबे, जे जड असेल ते ठेवा. त्यावर आतले थर एकेक करून. प्रत्येक थर पसरला की मधोमध तळहात ठेवून बाहेरच्या बाजूला हात फिरवत न्या, सुरकुती कडेला जाऊन संपली पाहिजे. शेवटी वरचा तुकड्यांचा थर.

आता कच्चे टाके. वेगळ्या रंगाचा कुठलाही दोरा घ्या आणि मधल्या बिंदूपासून सुरू करून कडेपर्यंत बोटभर लांबीचे टाके घाला. पुन्हा मध्याकडं या, दुसऱ्या दिशेला जा. अशा आडव्या-उभ्या रेषा अर्ध्या विताच्या अंतरावर सगळीकडं आल्या पाहिजेत. हे टाके कंटाळवाणे आहेत आणि ते टाळायचा मोह होतो. टाळू नका. आपण ओळी कडेकडून आत घालत जाणार आहोत. तेव्हा प्रत्येक ओळीबरोबर कापड थोडं थोडं आत ढकललं जातं. भुईवर पसरून चौघी शिवत असत तेव्हा त्या हातानं ते सारखं सपाट करत राहायच्या. मांडीवर शिवणाऱ्या एकटीला ते जमत नाही, आणि शेवटी वाकळीला मधोमध पोट येतं. एकदा आलेलं पोट उसवल्याशिवाय जात नाही. कच्च्या टाक्यांनी थर बांधले की मग वाकळ गुंडाळा, पिशवीत घाला, कुठंही न्या.

टाका

सुई लांब आणि मजबूत हवी, पण दाभण नको. त्यानं जुन्या कापडाला भोकं पडतात. दोरा जाड सुती. दुकानात गोधडीचा दोरा म्हणून मागा. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हे खरं, पण जुनं सुती कापड त्याच्याहून आधी झिजतं आणि दोरा कापडालाच कापत जातो. दोरा हातभर लांबीचाच घ्या. लांब घेतला की वेळ वाचेल असं वाटतं, वाचतो तो गुंता सोडवण्यात जातो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढून घेतला की तो कमी पिळतो.

पहिला काठ. खालच्या कापडाचा 2 इंचाचा जादा भाग अर्धा इंच आत मोडून वरच्या थरावर आणा, कोपरे तिरपे मोडा आणि चारही बाजूंनी बारीक टाक्यांनी बसवा. त्यानंतर काठापासून एक इंच आत पहिली ओळ.

गाठ मारलेला दोरा वरच्या थरातून आत घाला आणि हलका झटका द्या. गाठ वरच्या कापडातून सुटून आत थरांमध्ये अडकते आणि दिसेनाशी होते. आता डावा हात वाकळीखाली, उजव्यात सुई. सुई जवळजवळ उभी खाली घाला. टोक खालच्या बोटाला हलकंसं लागलं की चारही थर पार झाले असं समजा. लगेच सुई आडवी करून टोक वर काढा. पुन्हा खाली, पुन्हा वर. असे तीन-चार टाके सुईवर भरले की मधल्या बोटातल्या अंगुस्तानानं, म्हणजे बोटाच्या टोपीनं, सुई पुढं रेटा आणि दोरा ओढून घ्या. ओढताना कापड किंचित जवळ येऊ द्या, पण गोळा होऊ देऊ नका. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा आला की उत्तम. सुरुवातीला हरभऱ्याएवढा येईल, येऊ द्या. टाके छोटे असण्यापेक्षा सारखे असणं जास्त शोभतं. सारखेपणा हाताला आपोआप येतो, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत.

कोपऱ्याशी आलात की सुई कापडात ठेवून वाकळ फिरवा आणि पुढची बाजू धरा. चारही बाजू झाल्या की तीच ओळ एक इंच आत सरकवा आणि फिरत राहा. ओळ चौकोनी वळणं घेत मधोमध येऊन संपते. दोरा संपला की जागेवर दोन उलटे टाके घालून शेपूट थरांत सोडून द्या. मागं गाठी दिसू देऊ नका. वाकळीची पारख करणाऱ्या बाया आधी ती उलटी करून पाहतात.

आता मांडामांडीचा बंदोबस्त. रविवारी तेरा-चौदा सुयांमध्ये दोरे ओवून, गाठी मारून, जाड कापडाच्या पट्टीवर टोचून ठेवा. आठवडाभर रात्रीच्या अंधुक उजेडात सुईचं नेढं शोधायला नको. वाकळ, ती पट्टी, छोटी कात्री, अंगुस्तान आणि मेणाचा तुकडा एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला आणि अभ्रा बसायच्या खोलीतच खुंटीला अडकवा. कपाटात नको, दिवाणात तर नकोच. उठताना सुई शेवटच्या टाक्याजवळ कापडातून दोनदा काढून ठेवा, म्हणजे ती पडत नाही आणि पुन्हा बसल्यावर कुठून सुरू करायचं हेही कळतं. घरात रांगतं मूल असेल तर सुया मोजून काढा, मोजून ठेवा.

अर्ध्यात आल्यावर

बाहेरच्या दोन-तीन फेऱ्या हौसेत होतात. मग एक टप्पा येतो जिथं रोज शिवूनही वाकळ पुढं सरकल्यासारखी वाटत नाही. रंग ठरून गेलेले, टाका हातात बसलेला, नवं काही उरलेलं नाही. बहुतेक वाकळी इथं खुंटीवरून दिवाणात जातात.

या टप्प्यावर रोजचं माप वेळेवरून दोऱ्यावर आणा. आज एक सुई संपवायची, बास. एक सुई म्हणजे सात-आठ मिनिटं. थकून आलेल्या दिवशीही तेवढं होतं, आणि झालं की बहुधा दुसरी सुई उचलली जाते. नाही उचलली तरी चालेल.

घरातले बोलतील, त्याचीही तयारी ठेवा. "सोलापुरी चादर बाजारात मिळती की, कशाला डोळे फोडून घेतीस माय?" हे सासूबाई म्हणणारच. वाद घालू नका. "मिळती ना, पर तुमच्या लुगड्याची मिळती का?" असं म्हणून अभ्र्यातलं एक टोक त्यांच्या मांडीवर सरकवा. पुष्कळदा त्या टाका पाहून नाक मुरडतात आणि पुढची ओळ स्वतःच घालून दाखवतात. एका वाकळीत दोन हातांचे टाके दिसले तर दिसू द्यात, त्यांची ओळ सुधारायला जाऊ नका.

नवऱ्याला किंवा पोराला एक ओळ घालायला लावा. गडीमाणसांना सुई जमत नाही हा समज आहे, शिंपी काय बाया असतात का? आणि घरातल्या माणसानं एक ओळ घातली की पुढं "हे काय घेऊन बसलीस" असं तो म्हणत नाही.

"मला पण एक करून दे गं" म्हणणाऱ्या मैत्रिणी आणि वन्स याच सुमारास उगवतात. हो म्हणालात तर हौसेचं कर्ज होतं. "कापड घेऊन ये, माझ्याशेजारी बस, शिकवते" एवढंच म्हणा. येणाऱ्या खरंच येतील, आणि मग थर मांडायला माणसंही मिळतील. विकण्याचा विचार इतक्यात नको. शिवलेल्या तासांचा हिशेब रोजगाराच्या भावानं लावून पाहा, मग गिऱ्हाईक किती देतंय ते पाहा.

झाल्यावर

मधोमध पोचलात की कच्चे टाके उसवून काढा. कापड जुनं आहे, दोरा ओढू नका; थोड्या थोड्या अंतरावर कापून चिमटीनं काढा. पहिली धुणी घरीच, गार पाण्यात, कमी साबणात, आपटल्याशिवाय. एका धुण्यात टाके कापडात बसतात आणि बारीक चुण्यांची लाट उठून दिसायला लागते. वाकळ खरी देखणी इथं होते, म्हणून न धुता कुणाला भेट देऊ नका.

ओली वाकळ फार जड होते. ती एका दोरीवर लोंबत टाकली तर पाण्याच्या वजनानं टाके ताणले जातात. बाजेवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी पसरा, उलटी बाजू उन्हाला. आपल्याकडं नवरात्राआधी घरातल्या सगळ्या वाकळी नदीवर नाहीतर विहिरीवर नेऊन धुवायची रीत आहे. तिच्यामागं हिशेबही आहे: पावसाळ्याचा कोंदट वास जातो, पाणी असतं आणि पुढं थंडी येणार असते. उन्हाळ्यात मोठी धुणी काढू नका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात वाकळीला एप्रिल-मेमध्ये नुसतं कडक ऊन दाखवलं तरी पुष्कळ.

आणि वापरा. पाहुणे आल्यावर काढायची म्हणून कपाटात ठेवलेली सुती वाकळ घड्यांवर विरते, कसर लागते. रोज वापरातली झिजते तीही कडेला आणि पायाच्या बाजूला, तिथं आधीच जाड पट्टी लावून घेतलेली बरी. भोक पडलं तर दोन्ही बाजूंनी दोन बोटं मोठं ठिगळ लावा आणि त्यावरून जुन्याच ओळींच्या अंतरानं धावदोरा घाला. वरचा सगळा थरच विरला तर जुनी वाकळ उसवायच्या भानगडीत पडू नका. तीच आतला थर समजून वरून-खालून दुसरं लुगडं चढवा आणि पुन्हा काठापासून सुरू करा. थर वाढलेले असतील, तेव्हा या वेळी ओळींमधलं अंतर दीड इंच ठेवा आणि सुई आधीपेक्षा थोडी जाड घ्या.